ॲबरिस्टविथ: बुडालेल्या हॉटेलातून उभं राहिलेलं गाव

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ॲबरिस्टविथ हे पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथले लोक नुसतं ‘ॲबर’ म्हणतात. वेल्श भाषेत त्याचा अर्थ नदीचं मुख. एवढ्याशा गावात विद्यापीठ आहे, राष्ट्रीय ग्रंथालय आहे, मोठं रुग्णालयही आहे. या थाटाचं मूळ एका बुडीत हॉटेलात सापडतं.

1864 साली रेल्वे इथवर पोचली. रेल्वेचे कंत्राटदार थॉमस सॅव्हिन यांनी अगदी समुद्राला लागून टोलेजंग हॉटेल बांधायला काढलं. लंडनहून येण्याजाण्याचं तिकीट काढणाऱ्याला तिथे मुक्काम फुकट, असा त्यांचा बेत होता. 1866 मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. सुमारे 80 हजार पौंड गिळून अर्धवट राहिलेली ती वास्तू 10 हजार पौंडांना विकली गेली. घेणारे होते वेल्सला स्वतःचं विद्यापीठ हवं म्हणून धडपडणारे लोक. ऑक्टोबर 1872 मध्ये तिथे कॉलेज सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी होते 26. सरकारी अनुदान नव्हतं. मग 1875 मध्ये एका रविवारी वेल्सभरच्या चॅपलांतून, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघरांतून, वर्गणी जमवली गेली आणि सत्तर हजारांवर माणसांनी आपापली नाणी टाकली. मला या गावाच्या इतिहासात याहून मोठं काही दिसत नाही.

राष्ट्रीय ग्रंथालयासाठी वेल्समधलं कार्डिफ शहरही अडून बसलं होतं. पण राजवैद्य सर जॉन विल्यम्स यांनी आपला दुर्मीळ ग्रंथसंग्रह ॲबरलाच द्यायचं ठरवलं होतं. 1907 मध्ये ग्रंथालय इथे आलं, राष्ट्रीय संग्रहालय कार्डिफला गेलं.

पर्यटकांच्या सोयी मागोमाग आल्याच. 1896 ची टेकडीवरची रेल्वे आधी पाण्याच्या वजनावर चाले: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो खाली उतरे आणि खालचा वर ओढला जाई. 1921 मध्ये तिला वीज आली. त्याच टेकडीच्या पायथ्याशी किनाऱ्यावरचा फिरण्याचा रस्ता संपतो. तिथल्या कठड्याच्या दांडीला बुटाचं टोक लावायचं आणि मगच माघारी वळायचं, ही गावाची जुनी रीत. हिवाळ्यात संध्याकाळी साळुंक्यांच्या जातकुळीतल्या पक्ष्यांचे प्रचंड थवे धक्क्याखाली मुक्कामाला उतरतात.

ज्या रेल्वेनं गाव घडवलं, तिची दक्षिणेकडची कारमार्थनची प्रवासी गाडी मात्र 1965 मध्ये बंद झाली, आणि ती जखम अजून भरलेली नाही. आजही ॲबरहून रेल्वेनं आपल्याच राजधानीला, कार्डिफला जायचं तर आधी इंग्लंडमधलं श्रूजबरी गाठावं लागतं.