'मेडिकलचे प्राध्यापक संशोधन करतच नाहीत': खुलासा

"सरकारी मेडिकल कॉलेजचे डॉक्टर पगार घेतात, संशोधन मात्र शून्य. इच्छाच नाही." असा मजकूर जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. इच्छा नसलेले असतीलही, पण अडचण बऱ्याचदा दुसरीकडेच असते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. सातपुड्याच्या पाड्यांवर हा आजार आहे, म्हणजे विषय दाराशी. पण प्राध्यापकाची सकाळ ओपीडीत जाते, दुपार वॉर्ड आणि लेक्चरमध्ये. अभ्यासाआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातंय का ते पाहणाऱ्या समितीची मंजुरी लागते. तिचे किमान 7 सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. बैठक जुळेपर्यंत थांबा. संमतीपत्र मराठीत असलं, तरी ते पावरी किंवा भिली या तिथल्या आदिवासी भाषांत समजावून सांगणारं माणूस हवं. खरा पेच पुढे आहे: रुग्ण मजुरीसाठी गुजरातेत गेला, की फॉलोअप तुटला. जुने केसपेपर अर्धवट. आकडेमोडीला संख्याशास्त्रज्ञ हाताशी असेलच असं नाही, आणि काही जर्नल, म्हणजे संशोधन छापणारी नियतकालिकं, तर छापायचीच फी घेतात.

पडताळायचं कसं? पबमेड या वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायच्या वेबसाइटवर शोध फुकट आहे. कॉलेजचं आणि गावाचं नाव इंग्रजीत टाका, एक जरी पेपर दिसला, तरी 'शून्य' खोटं ठरतं. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे, ती सरकारी नोंदवहीही (सीटीआरआय) सगळ्यांना खुली आहे. मात्र पेपर कमी दिसले, तरी त्यामागचं कारण तिथे कळत नाही. त्यासाठी माहिती अधिकारात मंजूर पदं, भरलेली पदं आणि संशोधनाचा निधी विचारा. अर्जाची फी 10 रुपये.