वाफेच्या लाइनचे सपोर्ट

वाफेच्या लाइनचे सपोर्ट : बॉयलरमधून निघालेली गरम वाफ कारखान्यात फिरवणाऱ्या पोलादी पाइपचे वजन पेलणारी आणि पाइप तापल्यावर त्याने कुठल्या बाजूला किती सरकायचे हे ठरवणारी रचना. शू, क्लॅम्प, गाइड, अँकर आणि स्प्रिंग हँगर हे तिचे नेहमीचे भाग. थंड पाण्याच्या लाइनला वजन पेलले की काम भागते. वाफेच्या लाइनला वजन हा हिशेबाचा सोपा भाग असतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या भागांत आणि तळोज्यात रसायने व औषधे बनवणाऱ्या कारखान्यांच्या पाइप रॅकवर, म्हणजे पाइप पेलणाऱ्या पोलादी सांगाड्यांवर, अशा लाइन दिसतात. भूखंड लहान, बॉयलर हाउस एका कोपऱ्यात आणि बांधकाम तुकड्यातुकड्यांनी वाढलेले असले की सपोर्टची आखणी मोकळ्या जागेपेक्षा कितीतरी अवघड होते.

10 बार गेज (म्हणजे हवेच्या दाबाच्या वर मोजलेल्या) दाबाच्या संपृक्त, म्हणजे उकळबिंदूवरच्याच, वाफेचे तापमान सुमारे 184 अंश सेल्सियस असते. लाइन 30 अंशांवर जोडलेली असेल, तर साध्या कार्बन पोलादाचा पाइप मीटरमागे जवळपास 1.9 मिलिमीटर वाढतो. बॉयलर हाउसपासून प्लांटपर्यंत सरळ 60 मीटर अंतर धरले तर वाढ 11 सेंटिमीटरच्या पुढे जाते. ती दोन्ही टोकांना घट्ट धरून अडवायची म्हटले, तर 6 इंची शेड्यूल 40 (जाडीचा एक ठरलेला वर्ग) पाइपमध्ये कागदावर 130 टनांच्या घरात बळ निघते. एवढे बळ पेलण्याआधीच पाइप बाकतो, बीम वाकतो किंवा फ्लँजमधून (बोल्टने आवळलेल्या जोडातून) वाफ सुटते. म्हणून वाढ अडवायची नसते, तिला वाट करून द्यायची असते. सपोर्टची सगळी आखणी या एका निर्णयातून निघते.

पाइप एका जागी पक्का धरतो तो अँकर. आडवी हालचाल रोखून लांबीच्या दिशेने सरकू देतो तो गाइड. नुसते वजन घेतो तो रेस्ट. दोन अँकरच्या मधे लूप, म्हणजे पाइपचाच यू आकाराचा वळसा, ठेवतात आणि लूपचे पाय वाकून वाढ सामावून घेतात. पायांची लागणारी लांबी पाइपचा व्यास आणि वाढ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. वाढ दुप्पट झाली तर पाय साधारण 1.4 पट लांब लागतात. गाइड लूपच्या कोपराला अगदी खेटून बसवला की पाय वाकायला जागाच उरत नाही आणि लूप नावापुरता राहतो. जागा नसेल तेव्हा बेलोज, म्हणजे घड्या घातलेला लवचिक धातूचा तुकडा, घालतात. पण मग आतल्या दाबाचा रेटा पाइपऐवजी अँकरवर येतो. वरच्याच 6 इंची लाइनवर तो अडीच-तीन टनांचा असतो आणि चाचणीच्या वेळी त्याहून जास्त. जुन्या रॅकवर बेलोज बसवताना ही गोष्ट सर्वांत आधी तपासावी.

शू हा दिसायला किरकोळ, पण साइटवर सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. पाइपखाली जोडलेला हा पोलादी तुकडा पाइपला बीमपासून वर उचलतो, म्हणजे इन्सुलेशन अखंड राहते. त्याची उंची बहुधा 100 मिलिमीटर ठेवतात. उंचीकडे सगळे बघतात, लांबीकडे फारसे कोणी बघत नाही. अँकरपासून दूरचा शू लाइन तापल्यावर बरेच अंतर सरकतो. तो आखूड असेल तर बीमवरून उतरतो आणि लाइन थंड होऊन परत येताना बीमच्या कडेला अडकतो. मग शू, पाइप किंवा बीम यांपैकी काहीतरी वाकते. यावर उपाय म्हणून थंड असताना शू अपेक्षित सरकण्याच्या निम्म्याने उलट बाजूला ठेवून बसवतात. शूखालच्या बीमवर घासल्याची चकचकीत पट्टी दिसली, तर लाइन मोकळी सरकते आहे असे समजावे. तिथे सलग, न मोडलेला रंग असेल, तर बहुतेक कुणीतरी 'पक्के' करण्याच्या नादात शू बीमला वेल्ड केलेला असतो. पोलादावर पोलाद सरकताना घर्षणांक 0.3 धरतात. दर सहा मीटरला एक शू असेल, तर 6 इंची लाइनवर एकेका शूमागे 60 किलोच्या आसपास घर्षण येते आणि ते साठत साठत अँकरपर्यंत पोहोचते. ते कमी करायचे तर शूखाली टेफ्लॉनची पट्टी घालतात. फार गरम जागी ग्राफाइट वापरतात.

उभ्या पाइपचा प्रश्न वेगळा. 6 मीटरचा उभा तुकडा त्याच वाफेने सुमारे 11 मिलिमीटर वर चढतो. वरच्या आडव्या लाइनखाली ताठ सपोर्ट असेल, तर पाइप त्यावरून उचलला जातो आणि सगळे वजन शेजारच्या नॉझलवर (यंत्राच्या किंवा टाकीच्या जोडतोंडावर) जाते. इथे स्प्रिंग लागते. समजा, गरम अवस्थेत तिने 400 किलो भार घ्यायचा आहे आणि स्प्रिंगचा दर मिलिमीटरला 6 किलो आहे. मग थंड असताना तिच्यावर 466 किलो येतील, म्हणजे फरक साडेसोळा टक्के. प्रचलित मर्यादा 25 टक्के आहे, त्यामुळे ही स्प्रिंग चालते. हालचाल फार मोठी असेल तर कॉन्स्टंट स्प्रिंग, म्हणजे हालचालीतही भार जवळपास सारखाच ठेवणारी, घेतात. पाण्याने हायड्रोटेस्ट करताना लाइन एरवीपेक्षा बरीच जड होते, म्हणून स्प्रिंग पिनेने लॉक केलेली असते. चाचणी झाल्यावर ती पिन काढायची राहून गेली, तर महागडी स्प्रिंग साध्या ताठ सपोर्टसारखी वागते.

सपोर्टमधल्या अंतरासाठी एएसएमई बी 31.1 हे पाइपिंगचे अमेरिकी प्रमाण 6 इंची वाफेच्या लाइनला 6.4 मीटर सुचवते. पाइपला झोळ पडला की त्यात कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले पाणी, साचते आणि वाफेच्या वेगाने ते पुढच्या कोपरावर आदळते. वॉटर हॅमर तो हाच. म्हणून लाइनला प्रवाहाच्या दिशेने उतार आणि जागोजागी स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारी झडप) देतात. साधारण 425 अंशांच्या वर कार्बन पोलाद दीर्घकाळ टिकत नाही. तिथे क्रोम-मॉलिब्डेनमचा पाइप येतो आणि त्याला चिकटणारा क्लॅम्पही त्याच तोडीचा लागतो.

ठाणे-नवी मुंबईत या सगळ्यावर पावसाळ्याची आणि खाडीच्या खाऱ्या हवेची भर पडते. क्लॅडिंग, म्हणजे इन्सुलेशनवरचा पत्रा, जिथे शूसाठी कापलेले असते, नेमके तिथून पाणी इन्सुलेशनमध्ये शिरते. 175 अंशांच्या खाली चालणाऱ्या किंवा वारंवार बंद-चालू होणाऱ्या लाइनवर हे पाणी टिकून राहते आणि पाइप इन्सुलेशनखाली गंजतो; बाहेरून पत्रा मात्र नवा दिसतो. ओले इन्सुलेशन जड होते, तो भार वेगळा. म्हणून कापाच्या कडा सीलंटने बंद करणे आणि पावसाळा संपल्यावर शूजवळचे इन्सुलेशन उघडून पाहणे ही इथली अत्यावश्यक कामे आहेत.

वाफेचा दाब 3.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त किंवा पाइपचा आतला व्यास 254 मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर लाइन भारतीय बॉयलर विनियम 1950 च्या कक्षेत येते. तिची ड्रॉइंग राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावी लागतात आणि पाइपवरचे वेल्डिंग प्रमाणित वेल्डरकडूनच करवावे लागते. त्यामुळे चालू लाइनवर नवा सपोर्ट वाढवायचा झाल्यास पाइपला वेल्ड न करता बोल्टने आवळायचा क्लॅम्प-शू घेणे सोयीचे ठरते.