ब्रेकचे पेडल मऊ का लागते?

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना एका वळणावर आमच्या गाडीचे ब्रेक पेडल अचानक मऊ पडले आणि नेहमीपेक्षा दुप्पट खाली गेले. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. पाऊण तासाने तेच पेडल पुन्हा घट्ट लागू लागले. नाशिकला गॅरेजमध्ये "आता तर ब्रेक ठीक आहे" असे ऐकायला मिळाले. पण गार झाल्यावर आपोआप सुधारणारा ब्रेक हेच त्या दोषाचे लक्षण होते.

द्रव जवळजवळ दाबला जात नाही आणि बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ब्रेक चालतो. ब्रेक ऑईल म्हणतात ते खरे तर तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातील, हवेतील ओलावा शोषणारे द्रव्य असते. नव्या डॉट ४ (ब्रेक द्रव्याचा एक दर्जा) द्रव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड आवळणारे भाग) तापतात, जुने द्रव्य उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर तिथेच जिरतो. गार झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते.

गाडी गार असतानाही पेडल स्पंजी लागत असेल, तर सपाट जागी ती उभी करून पेडल दोन-तीनदा पंप करावे. पंप केल्यावर ते वर आले, पण स्प्रिंगसारखे लवचीकच राहिले, तर बहुधा ब्रेकच्या नळीत हवा आहे. वर येऊन दगडासारखे घट्ट झाले, तर मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममधील शूंचे (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचे) ड्रमपासूनचे अंतर वाढलेले असू शकते. सारख्या दाबाखाली पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या असतील आणि ब्रेक द्रव्याच्या टाकीतली पातळीही कमी होत नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर द्रव्यावर देणाऱ्या भागाच्या) आतल्या रबरी सीलवर घ्यावा. अशी गाडी चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी. मात्र पेडल दाबून इंजिन सुरू करताना ते किंचित खाली जाणे हे बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नीट चालत असल्याचे लक्षण आहे. त्याची भीती नको.

आमच्या गाडीचे द्रव्य बदलताना मी शेजारी उभा होतो. चाकाजवळच्या निपलला (द्रव्य आणि हवा बाहेर काढण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या द्रव्यात बुडवले होते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचे, आणि मगच पाय उचलायचा, कारण हा क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. नळीतून आधी कोऱ्या चहाच्या रंगाचे द्रव्य आले, मग फिकट पिवळे.