पीडितांच्या वकिलाला कोर्टात जागा मिळाली कशी

बडोद्यात कायदा शिकताना ज्याला पीडितांच्या बाजूने उभं राहायचंय, त्याने आधी एक गोष्ट समजून घ्यावी. आपल्याकडे फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याचं घर जळलं, ज्याचा माणूस गेला, तो कोर्टात फक्त साक्षीदार. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०१ खाली त्याला खासगी वकील ठेवता येई, पण त्या वकिलाने सरकारी वकिलाच्या सांगण्याप्रमाणे वागायचं आणि पुरावा संपल्यावर, कोर्टाने परवानगी दिली तर, लेखी युक्तिवाद द्यायचा.

सगळी भिस्त सरकारी वकिलावर ठेवली की काय होतं, हे बडोद्याने फार जवळून पाहिलंय. १ मार्च २००२ ला, गुजरातच्या दंगलीत, हनुमान टेकडीवरच्या बेस्ट बेकरीत १४ जणांचा बळी गेला. साक्षीदार फितूर होत गेले आणि २७ जून २००३ ला इथल्या जलदगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींना निर्दोष सोडलं. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला नव्याने, तोही महाराष्ट्रात, चालवायला सांगितला. सरकारी वकील बचाव पक्षाच्या वकिलासारखे वागले, असा ताशेरा त्या निकालात आहे. मुंबईत २००६ साली ९ जणांना जन्मठेप झाली; २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांचीच कायम ठेवली. कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने हा २००४ चा निकाल मुळातून वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

बलात्कारपीडितेला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाची मदत मिळावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच म्हटलं होतं. कायद्यात खरा बदल झाला तो ३१ डिसेंबर २००९ पासून. ‘पीडित’ची व्याख्या आली, आरोपी सुटला तर अपिलाचा हक्क आला, भरपाईची योजना आली आणि सरकार पक्षाला मदत करायला आपल्या पसंतीचा वकील नेमण्याची सोयही झाली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने २०१२ मध्ये मुलांनाही वकिलाचा हक्क दिला. ऐपत नसेल तर तो विधी सेवा प्राधिकरणाने द्यायचा.

तरी मर्यादा आहेच. पीडिताच्या वकिलाने स्वतः उलटतपासणी घ्यायची नाही, तोंडी युक्तिवाद करायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. प्रश्न सुचला तर तो सरकारी वकिलाकडे द्यायचा. त्यांनी विचारला नाही तर न्यायाधीशांना विनंती करायची. म्हणून या कामात बोलण्यापेक्षा कागदावर पकड लागते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनी इथे हाताने लिहिलेली गुजराती फरियाद आणि जबाब सराईतपणे वाचायला शिकलंच पाहिजे. एका तारखेची विसंगती वेळेत दिसली, तरच योग्य प्रश्न योग्य हाती पडतो.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत पीडिताला कळवायचं आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय खटला मागे घेऊ द्यायचा नाही, ही त्यातली नवी कलमं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात कायदा आणि समाजकार्य या दोन्ही विद्याशाखा आहेत. या वाटेने जाणाऱ्याने एलएलबी करतानाच समाजकार्याच्या लोकांबरोबर काम करावं, कारण घाबरलेल्या माणसाचं नीट ऐकून घेणं कलमं पाठ करून येत नाही.