चोपण जमीन, गहू आणि जिप्सम

‘क्षार खाणारे जिवाणू, एका बाटलीत जमीन सुपीक!’ अशा जाहिराती रब्बीच्या तोंडावर मोबाइलवर फिरू लागतात. चोपण जमिनीतला खरा उपद्रवी म्हणजे सोडियम, आणि सोडियम हे मूलद्रव्य आहे. कुठलाही जिवाणू ते खाऊन नाहीसं करत नाही. ते शेताबाहेरच काढावं लागतं.

कसं? उजनीच्या कालव्याखाली मिळणारं सोपं उत्तर म्हणजे ‘भरपूर पाणी सोडा, धुऊन निघेल’. खारवट जमिनीत, निचरा असेल तर, हे खरं. तिथे मीठ सुटं असतं, वर पांढरं फुटतं. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांनाच धरून बसतो. कणांवरच्या धन आयनांत त्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला, की जमीन चोपण झाली.

खरी गंमत पुढे आहे. सोलापूरच्या काळ्या मातीतले चिकणकण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रे, त्यांच्यावर ऋणभार. ते एकमेकांना दूर ढकलणारच. कॅल्शियमवर दोन धनभार. तो पापुद्रे जवळ धरतो, माती रवाळ होते, हवा-पाणी खेळतं. सोडियमवर एकच भार. पकड सुटते, पापुद्रे फटींत जाऊन बसतात आणि वाफसाच (मातीत हवा आणि ओल दोन्ही नेमकी असण्याची स्थिती) येत नाही. पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा पडतो तो बरेचदा मुळं गुदमरल्यामुळे, आणि आपण टाकतो युरिया!

नुसत्या गोड्या पाण्याने सुटे क्षार निघून जातात, म्हणजे कणांना थोडंफार एकत्र ठेवणारं होतं तेही जातं. सोडियम जागचा हलत नाही. खात्री करायची तर चोपण मातीचं सुकं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात ठेवा, हलवू नका. काही तासांत भोवती गढूळ वलय धरतं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार हे वलय दाबतात. आता चिमूटभर जिप्सम टाकून ढवळा. गाळ खाली बसू लागेल.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम कणावर बसतो, हटलेला सोडियम सल्फेटसोबत पाण्यातून खाली जातो. १०० ग्रॅम मातीतला १ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचे भार मोजायचं एकक) सोडियम हटवायला, वरच्या १५ सेंमी थरासाठी, हेक्टरी साधारण पावणेदोन टन शुद्ध जिप्सम लागतं. म्हणून आधी माती परीक्षण. लिटरभर पाण्यात ते जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, तेव्हा बारीक करून पावसाळ्यापूर्वीच मातीत मिसळावं.

आपल्याकडे चुनखडी भरपूर, पण चढ्या सामूत तिच्यातला कॅल्शियम अडकून पडतो. अशा जमिनीत गंधक टाकतात. त्याचं आम्ल मातीतलेच जिवाणू बनवतात (यासाठी बाटली लागत नाही!) आणि ते चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळा करतं. खरिपात धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडला तर कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइडही हेच काम हळूहळू करतो.

यातलं काहीही करण्याआधी निचऱ्याचे चर हवेत, नाहीतर हटलेला सोडियम जाणार कुठे? जमीन सुधारेपर्यंत कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचा केआरएल २१० सारखा क्षार सोसणारा गहू पेरावा आणि पाणी हलकं द्यावं.