मिताके की ओन्ताके? लिहायला एक, डोंगर दोन

मिताके आणि ओन्ताके हे जपानमधले दोन डोंगर. जपानीत ही दोन्ही नावं एकाच चिन्हांनी लिहिता येतात. पहिलं चिन्ह आदराचं, आपण ‘श्री’ लावतो तसं, पण त्याचा उच्चार जागेप्रमाणे बदलतो. तोक्योच्या पश्चिमेला ते ‘मि’ होतं आणि नागानो-गिफूच्या सीमेवर ‘ओन’. त्यामुळे फोटोखालचं जपानी नाव उचलून नकाशात टाकलं की कुठला डोंगर पुढ्यात येईल याचा भरवसा नाही. ही गफलत साधी नाही, कारण मिताके ९२९ मीटरचा डोंगर आहे आणि ओन्ताके ३,०६७ मीटरचा जागृत ज्वालामुखी.

ओन्ताकेची वाट नागोयाकडून, किसो-फुकुशिमा स्टेशनावरून जाते. तिथून बस आणि मग रोपवे, तोही २,१५० मीटरपर्यंतच. माथा त्याच्याही नऊशे मीटर वर. हिवाळ्यात रोपवे बंद असतो. पानं रंगतात ती सप्टेंबरअखेर, आणि २७ सप्टेंबर २०१४ला नेमक्या त्याच दिवसांत, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, डोंगर फुटला. लाव्हा आला नाही. आतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन दगड आणि राख उडाली. माथ्यावर माणसं डबा खायला बसली होती. ५८ जण गेले, ५ जण अजून सापडलेले नाहीत. तेव्हा इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची, म्हणजे १ होती. म्हणून तिथे जायचंच असेल तर हवामान खात्याचा ताजा इशारा आणि कुठल्या वाटा खुल्या आहेत ते बघितल्याशिवाय निघू नका. मुलाबाळांना घेऊन एका दिवसात उरकायची ती सहल नव्हे.

ती सहल मिताकेची. शिंजुकूहून साधारण दीड तास ट्रेन, दहा मिनिटं बस, सहा मिनिटं केबल कार, की तुम्ही ८३१ मीटरवर. पुढे देवळापर्यंत अर्धा तास चाल. वाटेत चक्क एक गाव लागतं. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना उतरवून घेणाऱ्या पुजारी घराण्यांचं हे गाव. त्यांचे यजमान ठरलेले. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये ज्याला ठाऊक आहेत त्याला हे लगेच उमगेल. इथे लांडग्यालाही मान आहे: त्याचं चित्र छापलेला कागद चोरी आणि आगीपासून राखण म्हणून दाराला लावतात. लोक आपली कुत्री बरोबर आणतात आणि त्यांच्यासाठीही प्रार्थना करवून घेतात.

मला विचाराल तर मी ऑगस्टच सांगेन. केबल कारच्या वरच्या स्टेशनाजवळच्या उतारावर, झाडांच्या सावलीत रेंगेशोमा फुलते. मेणातून कोरल्यासारखी फिकट जांभळी फुलं, सगळी मान खाली घातलेली. नुसतं उभं राहून त्यांचं तोंड दिसत नाही. गुडघे टेकावे लागतात, आणि मग आतला जांभळा रंग दिसतो. पुढे ओढ्याकाठी शेवाळलेल्या खडकांची वाट आहे. तिथे भर उन्हाळ्यातही गार वाटतं. पानं मात्र नोव्हेंबरात रंगतात, ओन्ताकेनंतर महिन्याभराहून जास्त उशिरा. जानेवारी-फेब्रुवारीतही जाता येतं, फक्त वाटेवर बर्फ असतो तेव्हा बुटांना लावायचे काटे जवळ ठेवा.

आणखी एक. तोक्यो शहरातच, ओता वॉर्डात, इकेगामी लाइनवर ‘ओन्ताकेसान’ नावाचं स्टेशन आहे. तिथे देऊळ आहे, डोंगर नाही. तुम्हाला उतरायचंय ते ओमे लाइनवरच्या ‘मिताके’ला.