अध्यादेश म्हणजे सहा महिन्यांची मोकळीक?

‘अध्यादेश निघाला की तो सहा महिने चालतो आणि न्यायालय त्यात पडू शकत नाही’, हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. अध्यादेश म्हणजे अधिवेशन सुरू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात तो तात्पुरता कायदा.

सहा महिने ही दोन अधिवेशनांमधल्या अंतराची कमाल मर्यादा आहे. अध्यादेशाची मुदत सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे (राज्यघटनेचे अनुच्छेद १२३ आणि २१३). राजपत्रात अध्यादेशाची तारीख पाहा, मग अधिवेशन कधी सुरू झाले ते पाहा. १ डिसेंबरला सुरू झाले असेल, तर १२ जानेवारीच्या सुमारास अध्यादेश संपतो. दोन सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली, तर नंतरची तारीख धरायची. सभागृहांनी नामंजूर केला, तर त्याआधीच संपतो.

न्यायालयाबद्दलचा समज मात्र हवेतून आलेला नाही. १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती-राज्यपालांचे ‘समाधान’ (तातडीने अध्यादेश काढणे गरजेचे आहे, ही त्यांची खात्री) अंतिम ठरवून न्यायालयांना खरोखरच दार बंद केले होते. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कलम काढले. पहिलीच बातमी लोकांच्या लक्षात राहिली, इतकेच. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केले: तातडी दाखवणारी संबंधित सामग्री होती का, हे न्यायालय तपासू शकते. ती पुरेशी होती का, यात ते शिरत नाही. सभागृह टाळून तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढणे ही घटनेशी लबाडी ठरते.